रापणीतला आमचा वाटा

मी चौदा वर्षांची होईपर्यंत समुद्र पाहिला नव्हता, पण त्याची मालकीण सात वर्षांची असल्यापासून होते. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांत प्रत्येक मुलाचं गावी काही ना काही असायचंच, कुणाची आंब्याची बाग, कुणाच्या बंदूकवाल्या आजोबांची हवेली. तिथे नुसतं 'आमचं गाव समुद्राकाठी आहे' एवढ्यावर भागत नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या पम्मीच्या आजोबांकडे ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टरला उत्तर म्हणून मी समुद्र काढला. सुरुवातीला तो बेताचाच होता, आमच्या ब्लॉकपासून मार्केटपर्यंत पुरेल एवढा. पण पम्मीचा ट्रॅक्टर दर सुट्टीत मोठा होत गेला तसा मलाही समुद्र वाढवावा लागला. दहाव्या वर्षापर्यंत त्यात एक देवमासा आला होता, जो माझ्या काकांना नावाने ओळखायचा, आणि एक बेट होतं, जिथे उतरायला आमच्या घरची चिठ्ठी लागायची. पम्मी सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी एकच म्हणायची, "अच्छा? सबूत?"

बाबा माझ्या अगदी उलट. एका मंत्रालयात ते हरकती काढण्याच्या कामावर होते, म्हणजे दुसऱ्यांच्या फायली वाचायच्या आणि कुठे काय नियमात बसत नाही ते लाल शाईने समासात लिहायचं. हे काम ते घरीही विनामूल्य करायचे. ऑफिसचं पेन चुकून खिशात राहिलं तर तेवढ्यासाठी बस पकडून परत जाणारा माणूस. आई सांगायची, "लग्नात अंतरपाट दूर झाला तर यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. आधी भटजींना म्हणाले, मुहूर्त तीन मिनिटांनी चुकलाय." हे आईचं वाक्य आहे, मी त्यात काहीही घातलेलं नाही. आई करोल बागेतली, दिल्लीतच जन्मलेली मराठी मुलगी. तिच्या लेखी समुद्र म्हणजे मोठी यमुना, जरा खारट.

पण वर्षातून एकदा आमच्या घरात समुद्र खरोखर यायचा. दिवाळीनंतर गावाहून भाऊकाकांचं पार्सल यायचं, जुन्या शिडाच्या कापडात शिवलेलं. पोस्टमन ते हात लांब करून धरायचा आणि सही न घेताच निघायला बघायचा. आत सुके बांगडे, बोंबील, सुकट. रविवारी आई सगळ्या खिडक्या लावून, दाराखाली ओलं फडकं कोंबून बांगड्याचं कालवण करायची, तरी वास असा निघायचा की मुनिरकाच्या बस स्टॉपवर उभी असलेली माणसं वळून बघत. समोरच्या ब्लॉकमधले बंगाली काका न बोलावता वाटी घेऊन यायचे. बाबा त्या दिवशी कुणाशी बोलत नसत. मान खाली घालून, बोटांनी काटे वेगळे करत जेवायचे आणि जेवल्यावर बराच वेळ हात धुवायचे नाहीत. एकोणिसाव्या वर्षी परीक्षा पास होऊन ते गावातून निघाले होते. त्यानंतर आजोबा गेले तेव्हा एकदाच जाऊन आले, माझ्या जन्माआधी. सरकार दर दोन वर्षांनी मूळ गावी जायची सोय करायचं, ती दर दोन वर्षांनी फुकट जायची. आईने विचारलं की म्हणायचे, "मी तिथे जाऊन काय करणार?"

त्या वर्षी पार्सलच्या आधी पत्र आलं. बाबांनी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग आम्हाला वाचून दाखवलं. आमच्या गावात रापण चालायची. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं अवाढव्य जाळं. एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात मोठा अर्धगोल मारते आणि दुसरं टोक लांब पलीकडे आणून देते. मग दोन्हीकडच्या दोरांना माणसं लागतात आणि अख्खा गाव मिळून समुद्र बाहेर ओढतो. जाळं कुणा एकाचं नसतं. घराघरातून विणलेले तुकडे जोडून ते होतं, आणि ज्याचा तुकडा त्याला मासळीचा वाटा. आमच्या गावची अट अशी, की नुसता तुकडा देऊन चालत नाही. तीन वर्षांत एकदा तरी त्या माणसाने, नाहीतर त्याच्या मुलाबाळाने, दोराला हात लावायचा आणि जाळं वर येईपर्यंत सोडायचा नाही. आजोबांनी दोन मुलांच्या नावाने दोन तुकडे ठेवले होते. यंदा जाळं उसवून नव्याने जोडायचं होतं, आणि रापणीचा प्रमुख, म्हणजे तांडेल, प्रत्येक तुकड्याचा धनी कोण ते विचारत होता. शेवटी भाऊकाकांनी मालवणीत एवढंच लिहिलं होतं, "आता माझ्यान जमणा नाय. तू ये."

"दोन बांगड्यांसाठी दिल्लीहून जायचं?" आई म्हणाली.

"बांगड्यांसाठी नाही," बाबा म्हणाले. मग पत्राची घडी घालता घालता म्हणाले, "तो तुकडा गेला तर मग मी कुठला?"

करोल बागेतल्या माणसाला हा प्रश्न कधी पडत नसल्यामुळे आई उठली आणि दशम्या करायला लागली.

दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही निघालो. पम्मी जिन्यात उभी होती. "समंदर की मालकिन," ती म्हणाली, "इस बार सबूत लेके आना." रेल्वेने मुंबई, तिथून एसटी. ती एसटी इतकी हादरायची की माझे दोन दुधाचे दात, जे सात वर्षांपूर्वीच पडले होते, ते पुन्हा हलायला लागले. मग खाडी, आणि खाडीवर एक होडी जी बाबांच्या हाकेने पलीकडून आली. बाबांनी हाक मारली तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. क्वार्टरमध्ये त्या आवाजाला जागाच नव्हती. होडीनंतर काळ्या कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार, तासभर तुडवायचं, आणि मग एकदम पायाखालची जमीन संपल्यासारखा उतार, सुरूची झाडं, आणि खाली तो.

इतकी वर्षं मी समुद्र सांगत होते आणि माझ्या समुद्रात आवाजच नव्हता, हे मला त्या उतारावर कळलं. मी देवमासा घातला होता, बेट घातलं होतं, आणि सतत कुणीतरी मोठा श्वास घेतंय असा तो आवाज राहून गेला होता. खाली चंद्रकोरीसारखी वाळू, आणि त्या वाळूवर काहीही नाही. दुकान नाही, खांब नाही, तार नाही. पक्ष्यांच्या पावलांच्या रेघा, एका कुत्र्याचे ठसे आणि टोकाला जाळी ठेवायचा झावळ्यांचा मांगर. आई चप्पल हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अगं बाई, याला पलीकडचा काठच नाही." मी आयुष्यात फार कमी वेळा गप्प बसले आहे. ती एक वेळ.

गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. माझा नातू मानेसरच्या कारखान्यात इंजिनियर आहे. गुरुग्रामच्या आमच्या चौदाव्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून तो फोनवर 'अनोळखी, निर्जन किनारे' शोधत असतो आणि मला म्हणतो, "आजी, एकदा लोकेशन दे ना यार." मी त्याला आतापर्यंत चार वेगवेगळी गावं सांगितली आहेत. दोन ठिकाणी तो जाऊनही आला. तिथली कोळंबी चांगली होती म्हणाला.

भाऊकाका म्हणजे बाबांनाच कुणीतरी मीठ लावून उन्हात वाळवल्यासारखे दिसत. त्यांनी बाबांना मिठी वगैरे मारली नाही. हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "इलंस? बरां झालां." घरात उकड्या तांदळाची पेज होती, बांगड्याचं तिखलं होतं, आणि सोलकढी, जी आईने आधी औषध समजून एका दमात प्यायली. जेवताना बाबा म्हणाले, "भाऊ, दर वर्षी एवढं पाठवतोस. पोरांच्या तोंडचं काढून पाठवत जाऊ नकोस."

"माझां खंय?" काका म्हणाले. "तुझोच वाटो तो. मी सुकवन धाडी."

बाबांचा हात ताटात थांबला. "मी दोराला हात न लावता?"

काकांनी काकूंकडे बघितलं, काकूंनी चुलीकडे. "मी सांगी," काका हळूच म्हणाले, "रातीक इललो. फाटफटी रापण ओढल्यान आणि गेलो."

दिल्लीहून रात्री आला, पहाटे रापण ओढली आणि गेला. दर तीन वर्षांनी. मी सुद्धा एवढं ताणलं नसतं. आमच्या घराण्यात ही विद्या कुठून आली ते मला त्या जेवणात समजलं आणि मी भाऊकाकांकडे, वाद्य शिकणारं मूल उस्तादाकडे बघतं, तशी बघत राहिले. बाबांनी मात्र पुढचा घास घेतला नाही. चौदा वर्षं रविवारी खिडक्या लावून जे खाल्लं ते नियमात बसत नव्हतं, एवढंच त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी समुद्रात गेली आणि परत आली. दोन्ही दोरांना मिळून ऐंशी माणसं लागली, बाया, म्हातारे, सगळे. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि काकांच्या मागे दोर धरला. तांडेल दाजी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हाळी घालायचा आणि त्या हाळीवर ऐंशी पाठी एकदम मागे जायच्या. पहिली काही पावलं बाबा सुंदर चालले. खरंच सांगते, ते अंग कुणीतरी दुसराच माणूस वापरतोय असं वाटलं. पण त्या हातांनी वीस वर्षांत पेनापेक्षा जड काही धरलं नव्हतं. काथ्याचा ओला, खारा दोर तळव्यांतून सरकला की कातडी बरोबर घेऊन जातो. निम्म्यात बाबा थांबले. दोर त्यांच्या हातून पुढे गेला. ते दोन्ही तळवे वर करून बघत उभे राहिले, मग पाण्याकडे गेले आणि हात बुडवून बसले. किनाऱ्यावर ऐंशी माणसं होती आणि एकानेही हे पाहिलं नाही. न पाहायलाही ताकद लागते, ती त्या लोकांकडे होती.

आता माझं. ही गोष्ट मी तीन पिढ्यांना सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी बाबांच्या हातून सुटलेला दोर मी झेलला आहे, एकदा तर दातांनी. आज लिहायला बसले आहे तर सांगून टाकते. मी सुरुवातीला दहा-बारा पावलं दोराला हात लावला, तो खरखरीत लागला म्हणून सोडला आणि पम्मीसाठी शिंपले गोळा करायला किनाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेले. सबूत हवा होता. बाबांनी दोर सोडला तेव्हा मी एका खेकड्याच्या बिळात काडी घालत होते. पाण्यात हात बुडवून बसलेल्या बाबांना मी तिथे दिसत असणार. मला ते दिसत होते.

आरडाओरडा वाढला तशी मी धावत आले. जाळं वर आलं होतं आणि वाळूवर चांदी उकळत होती, तारल्या, बांगडे, मधेच एक चिडलेली छोटी मोरी, म्हणजे शार्कचं पिल्लू. वाटे पडायला लागले. तांडेल दाजी एकेका घराचं नाव घ्यायचा आणि वाळूवर ढीग मांडायचा. काकांचा ढीग पडला. त्याला लागून दुसरा पडला, तेवढाच, आणि दाजीने बाबांचं नाव घेतलं. भाऊकाकांनी लगेच टोपली पुढे केली. झालं होतं सगळं. दोन क्षण तोंड बंद ठेवलं असतं तर झालं होतं.

"दाजी," बाबा म्हणाले, "माझी एक हरकत आहे."

शुद्ध पुस्तकी मराठीत, ओल्या पँटमध्ये, रक्ताळलेले हात मागे बांधून त्यांनी स्वतःचीच फाइल उघडली. "मी दोर मध्येच सोडला. नियमाप्रमाणे हा वाटा मला लागत नाही. आणि मागच्या वर्षांचंही—"

"तुका कोणी विचारल्यान?" काका ओरडले. आवाज फाटला त्यांचा. टोपली हातात तशीच होती.

बाया बोलायच्या थांबल्या. दाजीच्या तोंडावर मी राग शोधत होते, पण तिथे राग नव्हता. अडकलेल्या माणसाचं तोंड होतं ते. न पाहिलेली गोष्ट चालते, पण चारचौघांत मोठ्याने बोललेली गोष्ट तांडेलाला ऐकावीच लागते. त्याने त्या ढिगाकडे पाहिलं. मग बाबांकडे न बघता, जणू समुद्रालाच विचारल्यासारखं म्हणाला, "ह्येच्या पोराबाळाचो हात होतो काय दोराक? शेवटापर्यंत?"

काका खाली बघत होते. आई मला शोधत होती. मी बाबांकडे पाहिलं, आणि मला एकदम दिसलं की हा माणूस आता इथून निघणार, सडा चढणार, खाडी ओलांडणार, आणि ती हाक पुन्हा कधी मारणार नाही.

"माझा होता," मी म्हणाले.

सगळे वळले. मी पुढे झाले. "बाबांनी सोडला तेव्हा मी मागून धरला. वर येईपर्यंत सोडला नाही."

"हात दाखव गो, चेडवा," दाजी म्हणाला.

माझ्या दोन्ही मुठी मिटलेल्या होत्या, कारण त्यांत शिंपले होते. मी मुठी उघडल्या. शिंपले आणि वाळू खाली पडली, आणि राहिले ते दिल्लीचे दोन तळवे, गोरे, मऊ, ओरखडासुद्धा नसलेले. दाजीने ते आपल्या हातांत घेतले. त्याचे हात लाकडाचे होते, खोटं नाही सांगत, बोटांनी वाजवलं असतं तर वाजले असते. त्याने माझे तळवे उन्हात धरले, जवळ नेले, उलटसुलट केले. मग त्याने ते हळूच मिटले आणि मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सालटां गेली आसत पोराच्या हाताची. माझ्यान बघवणा नाय."

कुणी हसलं नाही. एक म्हातारी मागून "अरे अरे" म्हणाली, खरोखरीच्या कळवळ्याने.

"नाव काय गो तुझां?"

"विजया."

"हो वाटो विजयाचो," दाजी म्हणाला आणि पुढच्या ढिगाकडे वळला.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं होतं. काकांनी त्यांच्याकडे असं बघितलं की तसं मी परत कधी कुणाला बघताना पाहिलं नाही. बाबांनी तोंड मिटलं.

नव्या जाळ्यात तो तुकडा माझ्या नावाने जोडला गेला. पुढची किती तरी वर्षं शिडाच्या कापडातलं पार्सल यायचं, त्यावर 'कुमारी विजया' असायचं आणि खाली बाबांच्या क्वार्टरचा पत्ता. अट होती तशी दर तीन वर्षांनी मी जायचे आणि दोर ओढायचे, शेवटपर्यंत, खरा. बाबा बरोबर यायचे, वाळूवर बसायचे आणि समुद्राकडे बघायचे. दोराजवळ पुन्हा आले नाहीत. आता काका नाहीत, बाबा नाहीत. चुलत भाऊ रापण आली की माझ्या वाट्याचा फोटो फोनवर पाठवतो आणि मासे स्वतः खातो. बाबांचा वाटा मी वाचवला असं मी जन्मभर सांगत आले. पण जाळ्यावरून त्या सकाळी एक नाव गेलं आणि दुसरं आलं. ते मी वाचवलं की उचललं, हे या वयात गॅलरीत एकटी असले की मनात येतं. तेव्हा काही आलं नव्हतं. तेव्हा मी फक्त जिंकले होते.

परतीच्या अख्ख्या प्रवासात बाबा खिडकीशी बसून होते. दोन्ही हातांना काकूंनी बांधलेली फडकी होती आणि आई त्यांना भरवत होती. मी समोर बसून वाट बघत होते की आता हरकत येईल, मथुरेला येईल, फरीदाबादला येईल. आली नाही.

घरी पोचलो त्या दुपारी बाबा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले, फडकी सोडली आणि काकांनी दिलेली खोबरेल तेलाची बाटली उघडली. पम्मी तेवढ्यात जिना उतरून आलीच. "तो? देख लिया अपना समंदर?"

शिंपले तर मी किनाऱ्यावरच सांडले होते. "सिर्फ देखा नहीं," मी सांगितलं, "खींच के बाहर निकाला. पूरा जाल. अकेले." मग जरा विचार करून ऐंशी माणसंही घातली. "मेरे नाम का हिस्सा है उसमें."

पम्मीने ट्रॅक्टरवाल्याच्या नातीसारखं हसून हात पुढे केला. "हाथ दिखा."

मी हात मागे घेतले. खुर्चीतून बाबा आमच्याकडे बघत होते. ऑफिसचं पेन परत द्यायला बस पकडणारे माझे बाबा. मला वाटलं, हरकत आली ती आताच, पम्मीसमोर.

"अभी नहीं, बेटा," बाबा पम्मीला म्हणाले. "छाले हैं उसके हाथों में."

पम्मीने हात मागे घेतला आणि ती माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघत वर निघून गेली. बाबांनी मला जवळ बोलावलं. माझा हात आपल्या सोललेल्या हातात घेतला, त्यावर तेल ओतलं आणि कोऱ्या करकरीत तळव्यावर अंगठ्याने हळूहळू चोळायला लागले, जसं खरंच काही झालंय.

"दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"खूप," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि दुसरा हात मागितला.